मानखुर्द ते वाशी, परवानगीने

हार्बर मार्गावर मानखुर्द हे मुंबईच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. पुढे ठाण्याच्या खाडीवरचा पूल, आणि पूल संपला की वाशी. करोनाच्या दोन वर्षांत या एवढ्याशा प्रवासाला कोणी निघायचं, किती वाजता निघायचं आणि कोणता कागद दाखवायचा, याचे नियम सतत बदलत राहिले. मानखुर्द महापालिकेच्या एम पूर्व विभागात येतं. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्यात खालच्या क्रमांकावर होता. घरी बसून करता येईल अशी नोकरी इथे मोजक्यांची. त्यामुळे लॉकडाऊनबद्दलचा इथला राग अजून विझलेला नाही. आणि हा राग अन्यायाचा आहे असं मानणारी माणसंही याच वस्तीत राहतात.

पुढचा संवाद अशा दोघांचा आहे. मामा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले. साथीत त्यांनी रुग्णांना खाटा मिळवून देणाऱ्या वॉर रूममध्ये रात्रपाळ्या काढल्या, नंतर स्टेशनवरच्या टेबलावर बसून लसीची प्रमाणपत्रं तपासली. भाचा वाशीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कारागीर. ही दोन्ही पात्रं मी रचलेली आहेत. त्यांचे मुद्दे रचलेले नाहीत. रविवारचं मटण झालं आहे, मामी आतल्या खोलीत आडव्या झाल्या आहेत आणि जुना वाद पुन्हा उकरला गेला आहे.

मामा : तू सगळं सोडून मला एकच सांग. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल बंद केली, ती चूक होती का?

भाचा : नव्हती.

मामा : झालं तर मग.

भाचा : झालं कसं? तेव्हा मी घरातच बसलो होतो. त्याच संध्याकाळी थाळीपण वाजवली होती. पहिल्या महिन्याबद्दल माझी तक्रार नाहीच आहे, मामा. माझी तक्रार पुढच्या दोन वर्षांबद्दल आहे. तुम्ही लोक कायम मार्च २०२० दाखवता आणि सगळा हिशोब त्यात मिटवता.

मामा : कारण तुम्ही लोक ती भीती विसरलात. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात, असं रेल्वेच सांगते. रोजचे प्रवासी पाऊण कोटीच्या आसपास. हा रोग माणसाच्या श्वासातून पसरतो. मग लोकल चालू ठेवायची म्हणजे काय करायचं होतं? एका माणसाला तीन फुटांवर उभं करायचं, आणि उरलेल्यांना कुठे, टपावर?

भाचा : आणि आमच्या वस्तीत काय होतं? दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, आणि सकाळी संडासाच्या रांगेत शंभर. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी मिळून रक्ततपासणीचं सर्वेक्षण केलं होतं, आठवतं का? तीन विभाग घेतले होते, त्यात आपल्या शेजारचा चेंबूरचा एम पश्चिम पण होता. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, इमारतींमध्ये १६ टक्के. म्हणजे चार महिने कडक लॉकडाऊन पाळून आमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेला होता. लॉकडाऊनने आम्हाला रोगापासून लांब ठेवलं नाही. त्याच्यासोबत एका खोलीत कोंडलं.

मामा : ते आकडे मला तोंडपाठ आहेत. आता त्याचा दुसरा अर्थ ऐक. वस्तीत अंतर ठेवणं अशक्य, तर निदान एका वस्तीचा रोग दुसरीकडे जाऊ नये, एवढंच हातात होतं. एप्रिल-मेमध्ये खाटा नव्हत्या. दम लागलेल्या म्हाताऱ्याला घेऊन लोक एका हॉस्पिटलच्या दारातून दुसऱ्या दारात फिरत होते. हे सगळं एका महिन्यात येण्याऐवजी चार महिन्यांत आलं, म्हणून तर बीकेसी, मुलुंड, दहिसरला जंबो केंद्रं उभी करता आली. लॉकडाऊनने रोग जात नाही. वेळ मिळतो.

भाचा : मान्य. पण मिळालेला वेळ कोणाच्या खिशातून काढला? तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता.

मामा : माझ्या ऑफिसातली माणसं पण गेली, ते विसरू नकोस.

इथे दोघेही थोडा वेळ थांबतात. वादात एकमेकांच्या मेलेल्या माणसांवर बोट ठेवू नये, हे दोघांनाही कळतं.

भाचा : ते मी विसरत नाही. पण नियम बघा ना. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारापासून देश बंद. चार तास! रोजच्या कामासाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाने चार तासांत काय करायचं होतं? १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर हजारोंची गर्दी जमली, ती हौस म्हणून? आपल्या शिवाजीनगरातून, मंडाळ्यातून माणसं पोरं खांद्यावर घेऊन गावाकडे चालत निघाली. ८ मेला औरंगाबादजवळ रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या, पण त्यात बसायला पोलीस स्टेशनात अर्ज, डॉक्टरचा दाखला. खायला पैसे नाहीत आणि दाखल्यासाठी डॉक्टरला पैसे. नंतर दाखल्याची अट काढली. काढता येत होती, तर घातली कशाला?

मामा : दाखला मागितला कारण उत्तर प्रदेश, बिहार म्हणत होते, आमच्याकडे रोग पाठवू नका. आणि मग त्या मे महिन्यात काय झालं? रेल्वेमंत्री रात्री ट्वीट करतात, १२५ गाड्या तयार आहेत, तासाभरात प्रवाशांच्या याद्या द्या. इकडून उत्तर जातं, आम्ही याद्या कधीच दिल्यात. गाडी केंद्राची, यादी राज्याची, शिक्का पोलिसांचा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. हे मी तुझ्याआधी बोललोय, ऑफिसात बसून बोललोय.

भाचा : तेच लोकलचं झालं. १५ जून २०२०ला लोकल चालू झाली ती फक्त यादीतल्या लोकांसाठी. आधी सरकारी, मग कोणी बँकवाले, ऑक्टोबरमध्ये डबेवाले. दर आठवड्याला यादीत एक-एक नाव चिकटवायचं. त्यात वाशीच्या सोसायट्यांत पोळ्या करायला जाणाऱ्या माझ्या आईचं काम कुठेच नव्हतं.

मामा : ताईसाठी बायकांची लोकल सुरू केली की.

भाचा : ती कधी? राज्य सरकारने १६ ऑक्टोबरला रेल्वेला पत्र लिहिलं, उद्यापासून बायकांना प्रवास करू द्या. रेल्वे म्हणाली, एवढ्या घाईत जमायचं नाही, किती जणी येणार ते आधी ठरवू. बायका स्टेशनवर जाऊन परत आल्या. शेवटी २१ तारखेला परवानगी मिळाली, ती सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. पोळ्यांचं काम सकाळी सातला असतं, मामा. अकराला निघून आईने कोणाचा नाश्ता करायचा? ही वेळ ज्याने ठरवली त्याच्या घरी पोळ्या कोण करतं, हे एकदा विचारायला पाहिजे होतं.

मामा : पण सोसायट्यांनीच कामवाल्यांना गेटवर अडवलं होतं. सरकार म्हणत होतं येऊ द्या, आणि सेक्रेटरी म्हणत होते नाही. त्याचं खापर सरकारवर का?

भाचा : कारण सरकारने आधी सगळ्यांना सवय लावली की समोरचा माणूस म्हणजे रोग. मग प्रत्येक गेटवर एक-एक सरकार तयार झालं. वॉचमनसुद्धा आईला सर्टिफिकेट विचारायचा. त्याच लिफ्टमधून साहेबांचं पार्सल वर जात होतं.

मामा : तू बोलतोस ते सगळं खरं असलं तरी त्यातून काय निघतं? तुझ्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येकाची अडचण बघून परवानगी द्यायची. बरं, देऊ. मग काय होतं ते सांगू? एप्रिल २०२०, संचारबंदी ऐन भरात. उद्योगपती वाधवान कुटुंबाचे २३ जण पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले. कशाच्या जोरावर? गृहखात्याच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्राच्या जोरावर, कौटुंबिक अडचण म्हणून. अडचण बघून परवानगी दिली की ती कोणाला मिळते, ते बघितलंस? म्हणून नियम सरसकट असलेला बरा. सरसकट नियमात तू पण अडकतोस आणि तो पण अडकतो.

भाचा : तो कुठे अडकला? बोभाटा झाला म्हणून अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये ते पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. आमच्या इथे पोरगा दूध आणायला बाहेर पडला तर दंडुका बसत होता. आणि सरसकट म्हणता तर तेही खरं नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला लोकलबंदीने काय फरक पडला? त्याला वाशी पुलावरून जाताना फारतर पोलिसाने हात केला. आम्हाला लोकल नाही, बेस्टच्या बसला तासभर रांग. कित्येक जण पुलावरून चालत गेले. नियम सगळ्यांना एक होता, पण त्याची झळ गाडी नसलेल्यालाच.

मामांचा मुद्दा इतक्या सहज उडवून लावता येत नाही. परवान्याचं राज्य आलं की दलाल येतात, हे त्या वर्षी ई-पासनेही दाखवलं. जिल्ह्याबाहेर जायला लागणारे हे पास पैसे घेऊन काढून देणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं होतं. पण भाच्याचा मुद्दाही तितकाच पक्का आहे. २०२०च्या गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी नियम निघाले, १२ ऑगस्टच्या आत गावी पोहोचा आणि दहा दिवस वेगळे राहा. २० ऑगस्टपासून एसटी जिल्ह्याबाहेर धावू लागली आणि तिला ई-पास लागत नव्हता. स्वतःच्या गाडीत नवरा-बायको आणि एक मूल असेल तर मात्र पास हवा. बसमधल्या अनोळखी माणसांबरोबर जायला परवानगी लागत नाही, घरच्या तिघांना लागते, हे कोणत्या शास्त्रात बसतं, ते कोणीच सांगितलं नाही. २ सप्टेंबरपासून ई-पासच रद्द झाला. तो का रद्द झाला, हेही कोणी सांगितलं नाही.

भाचा : दोन किलोमीटरचा नियम तर तुम्ही विसरलाच असाल.

मामा : तो कसा विसरेन? जून २०२० संपता संपता पोलिसांनी काढला होता. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही.

भाचा : हजारो गाड्या जप्त केल्या आणि आठवडा व्हायच्या आत नियम मागे. पुढच्या एप्रिलमध्ये गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर. डॉक्टरला लाल, भाजीवाल्याला हिरवा. लोक स्टिकर छापून घेईपर्यंत तोही नियम मागे. नियम चुकला म्हणून मागे घेतला असेल, तर तसं सांगा. आमचं चुकलं म्हणा, लोक समजून घेतात. पण एकदाही कोणी म्हणालं नाही.

मामा : आता माझं ऐक. नवा रोग होता. जगात कोणालाच माहीत नव्हतं. आधी म्हणाले मास्क नको, मग म्हणाले लावा. आधी भाजी धुवायला सांगितली, मग कळलं की रोग हवेतून येतो. माहिती बदलली तर नियम बदलणारच. तो बदलला तरी तुम्ही ओरडता, नाही बदलला तरी ओरडता. डिसेंबर २०२१ला ओमायक्रॉन आला तेव्हा राज्याने विमानतळावर केंद्रापेक्षा कडक नियम लावले, केंद्राने पत्र पाठवून आक्षेप घेतला, दोन दिवसांत राज्याने ते सैल केले. मग लोक काय म्हणाले? परदेशातून येणाऱ्या श्रीमंतांना मोकळं सोडलं. सरकारने करायचं तरी काय?

भाचा : सांगतो काय करायचं ते. त्याआधी फेब्रुवारी २०२१ घ्या. १ तारखेपासून लोकल सगळ्यांना खुली. पण वेळ? पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. माझं दुकान उघडतं दहाला, बंद होतं साडेसातला. म्हणजे सातच्या आत वाशी गाठायची आणि तीन तास स्टेशनच्या पायऱ्यांवर बसायचं. मी एकटा नव्हतो, अख्ख्या पायऱ्या भरलेल्या असायच्या. कोणी डबा सोडून सकाळीच खाऊन घ्यायचं, कोणी भिंतीला डोकं टेकून झोपायचं. रात्री परत दीड तास तेच. गर्दी कमी करायला निघाले आणि गाडीतली गर्दी उचलून पायऱ्यांवर ठेवली.

मामा : ऑफिसांनी वेळा बदलायच्या होत्या. मुख्यमंत्र्यांनी तसं आवाहन केलं होतं.

भाचा : बरोब्बर! मालकाला आवाहन, आणि मला सक्ती. मालकाने वेळ बदलली नाही तर त्याला काय झालं? काही नाही. मी सात वाजून दहा मिनिटांनी गेटवर गेलो तर मला तिकीट नाही. मामा, माझा सगळा राग या एका गोष्टीत आहे. जिथे वजन टाकायला पाहिजे होतं तिथे विनंती केली, आणि जो वाकू शकतो त्याला वाकवलं.

मामा गप्प होतात. आतून मामी ओरडतात, "चहा टाकू का?" दोघेही एकदम हो म्हणतात.

मामा : हे तुझं मला पटतं. दुकानांच्या आणि ऑफिसांच्या वेळा कायद्याने बदलता आल्या असत्या. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात तेवढा अधिकार होता. पण मार्चपासून दुसरी लाट आली आणि सगळं वाहून गेलं. एप्रिलमध्ये परत बंद करावंच लागलं. तेव्हा वॉर रूममध्ये फोन ठेवला की लगेच वाजायचा.

भाचा : एप्रिल २०२१च्या बंदबद्दलही मी बोलत नाही. हां, त्याच महिन्यात हरिद्वारला कुंभ होता आणि बंगालमध्ये लाखालाखाच्या सभा होत्या, एवढं मात्र ध्यानात राहिलं. माझं बोलणं आहे त्या ऑगस्टबद्दल. आणि त्या वेळी टेबलाच्या पलीकडे तुम्हीच होतात.

मामा : होतो ना. मुंबईतल्या ५३ स्टेशनांवर मदत कक्ष केले होते, ११ ऑगस्टपासून. माणूस प्रमाणपत्राची प्रिंट आणि आधार कार्ड घेऊन यायचा. आम्ही मोबाइलवर तपासायचो, नाव जुळवायचो, दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस झालेत का ते मोजायचो आणि कागदावर शिक्का मारायचो. तो शिक्का खिडकीवर दाखवला की महिन्याचा पास. १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल सुरू.

भाचा : रांगेत कोण होतं, तेही सांगा.

मामा : माझ्या वयाचे.

भाचा : का? हिशोब करू. कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवस, वर १४. म्हणजे १५ ऑगस्टला गाडीत बसायचं तर पहिला डोस ९ मेच्या आत हवा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना लस सुरूच झाली १ मेला. ॲपवर वेळ उघडली की डोळ्याची पापणी लवायच्या आत भरायची. आणि १२ मेला राज्य सरकारने स्वतःच आमच्या वयाचं लसीकरण थांबवलं, साठा नव्हता म्हणून. केंद्राने सगळ्यांना मोफत लस सुरू केली २१ जूनला. त्या दिवशी पहिल्या नंबरला उभा राहिलेला पोरगासुद्धा लोकलमध्ये चढणार २७ सप्टेंबरला. म्हणजे आधी सरकारने मला लस दिली नाही, आणि मग लस घेतली नाही म्हणून गाडीत घेतलं नाही. कमावता माणूस घरी, आणि पेन्शनवाला लोकलमध्ये.

मामा : कोव्हॅक्सिन घेणाऱ्याला अठ्ठावीस दिवसच लागायचे.

भाचा : मिळत होती का?

मामा : नव्हती फारशी. बरं, हा हिशोब तेव्हा टेबलावर आम्हीसुद्धा केला होता. वीस-पंचवीस वर्षांची पोरं यायची, एका डोसचा कागद पुढे करायची. मी नाही म्हणायचो. एक जण म्हणाला, काका, मग मला दुसरा डोस तुम्हीच द्या. त्यावर काय बोलणार? पण तुला असं वाटतं का की एक डोसवाल्यांना सोडायला हवं होतं? तिसऱ्या लाटेची भीती होती. बंद दार एकदम सताड उघडायचं नसतं, फट करून बघावं लागतं. दोन डोसवाले ही ती फट होती.

भाचा : फट ठेवा, पण दोन्ही बाजूंनी ठेवा. पहिले काही महिने तर फक्त महिन्याचा पास मिळत होता, एका फेरीचं तिकीट नव्हतं. ते ऑक्टोबरच्या अखेरीला मिळायला लागलं. नाक्यावरचा माणूस महिन्यातले दहा-बारा दिवस कामाला जातो. त्याने पास कशाला काढायचा? मग लोक विनातिकीट जायला लागले, खोटी ओळखपत्रं बनवायला लागले. चांगल्या माणसाला चोर केलं. शेवटी उच्च न्यायालयाने काय म्हटलं?

मामा : फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने म्हटलं की लसीच्या अटीचे हे आदेश कायद्यात सांगितलेल्या रीतीने निघालेले नाहीत. राज्य कार्यकारी समितीने विचार करून घ्यायचा निर्णय तेव्हाच्या मुख्य सचिवांनी एकट्याच्या सहीने काढला होता. सरकारने ते आदेश मागे घेतले.

भाचा : आणि १ मार्चला नवा आदेश काढला, त्यात लसीची अट परत तशीच.

मामा : हो. आणि गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, सगळेच निर्बंध संपले. महिन्याभराने सर्वोच्च न्यायालयाचाही निकाल आला की लसीची सक्ती करता येत नाही, आणि रुग्णसंख्या कमी असताना लस न घेतलेल्यांवर निर्बंध नकोत. पण निकाल पूर्ण वाच. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार त्यात मान्य केलाय.

भाचा : अधिकार कोण नाकारतंय? सातव्यांदा सांगतो, अधिकाराचं भांडणच नाही. जाब कोणी द्यायचा, हे भांडण आहे. कायदा कोणता वापरला? १८९७चा साथरोग कायदा. प्लेग मुंबईत आला म्हणून इंग्रजांनी केला. मूळ कायद्यात मोजून चार कलमं. त्यातलं एक सांगतं की आदेश मोडला तर शिक्षा, आणि एक सांगतं की सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. सरकारने लोकांना काय द्यायचं, याबद्दल अक्षर नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिशनर रँडचा खून झाला, तो लोकांना प्लेग आवडत होता म्हणून नाही ना झाला?

मामा : तुलना करू नकोस. रँडचे सोल्जर घरात घुसले होते. इथे आरोग्यसेविका दारोदार फिरल्या, त्यांच्याकडे धड मास्क नव्हते तरी फिरल्या. शिधा वाटला, जेवणाची पाकिटं वाटली. गुन्हे दाखल झाले होते तेही मागे घेण्याचं गृहमंत्री वळसे पाटलांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं. परक्या सरकारने असं केलं असतं का?

भाचा : नसतं केलं. म्हणून तर आपल्या सरकारकडून जास्त अपेक्षा. आता तुमच्याच वॉर रूमचं बोलू. तुम्ही कौतुकाने सांगता ना?

मामा : कौतुक आहेच. आधी १९१६ या एका नंबरवर अख्ख्या मुंबईचे फोन यायचे. सगळ्यांना एकाच ठिकाणाहून खाट द्यायची, त्यामुळे गोंधळ. मग २०२०च्या जूनमध्ये चोवीस वॉर्डांना चोवीस वॉर रूम केल्या. माणूस कुठल्या गल्लीत राहतो, तिथे ॲम्ब्युलन्स शिरते की नाही, हे आम्हाला माहीत असायचं. मुंबईच्या ऑक्सिजन व्यवस्थापनाचं सर्वोच्च न्यायालयाने नाव घेतलं ते उगाच नाही.

भाचा : मग मला एवढंच सांगा, जे खाटेचं जमलं ते प्रवासाचं का नाही जमलं? खाट कोणाला द्यायची ते वॉर्डात ठरू शकतं, तर मानखुर्दमधून सकाळी वाशीला कोण जातं, कशासाठी जातं, हे मंत्रालयात बसून का ठरवायचं? एम पूर्वमधून किती बायका घरकामाला जातात, किती माणसं तुर्भ्याच्या मार्केटला हमालीला जातात, हे तुमच्या ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं. त्याला कोणी विचारलं?

मामा : आणि मी मघाशी सांगितलं ते? वॉर्डात पास वाटायला बसलो असतो तर पहिल्या दिवशी नगरसेवकाची चिठ्ठी आली असती.

भाचा : खाटेला चिठ्ठ्या येत नव्हत्या?

मामा : येत होत्या.

भाचा : मग काय केलंत?

मामा : ऑक्सिजनची पातळी विचारायचो. ज्याची कमी त्याला आधी. डॉक्टर बसलेले असायचे, नोंद व्हायची, दुसऱ्या पाळीला दिसायची.

भाचा : म्हणजे चिठ्ठीवर उपाय होता. निकष आणि नोंद. तो प्रवासाला वापरला असता तर आईचं काम गेलं नसतं.

चहा येतो. मामा बशीत ओतून घेतात.

मामा : तुझ्या म्हणण्यात एक खोट आहे. खाटा मोजता येतात, गर्दी मोजता येत नाही. चोवीस वॉर्डांनी आपापल्या चांगल्या कारणांनी चार-चार हजार माणसं सोडली तर कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर लाखभर माणसं झाली असती. प्रत्येकाचं कारण खरं, आणि तरी लोकल भरलेली. हे गणित वॉर्डातून दिसत नाही, वरूनच दिसतं. म्हणून उद्या पुन्हा असं काही आलं आणि मला विचारलं, तर मी पहिल्याच रात्री लोकल बंद करा म्हणेन.

भाचा : करा. मी पुन्हा थाळी वाजवीन. पण आदेशाच्या कागदावर चार गोष्टी लिहा. हा नियम कशासाठी, कधीपर्यंत, कोणी ठरवला, आणि त्याने माझं पोट मारलं तर मी कुठल्या खिडकीवर जायचं. ब्रिटनमध्ये चौकशी आयोग बसला. माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सनना डिसेंबर २०२३ मध्ये दोन दिवस समोर बसवून विचारलं, कधी काय ठरवलं आणि का. आपल्याकडे जंबो केंद्रांच्या पैशाची चौकशी झाली, लॉकडाऊनमध्ये वाटलेल्या खिचडीच्या कंत्राटाची झाली. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ कोणी ठरवली, याची चौकशी करावी असं कोणाला वाटलं नाही.

मामा : चौथी गोष्ट अवघड आहे. खिडकी उघडली की रांग लागते.

भाचा : लागू दे. रांगेला आम्ही घाबरत नाही, मामा. खिडकी बंद असताना लावलेल्या रांगेचा राग येतो.

मामा : पहिल्या तीन मी आजच लिहून देतो. चौथीला माणसं लागतील, आणि वॉर्ड ऑफिसात निम्म्या जागा रिकाम्या असतात हे तुला माहीत नाही.

भाचा : मग भांडायचं तर त्या जागांसाठी भांडू. तुम्ही आता रिटायर झालात, तुम्हाला वरून कोणी ओरडणार नाही. पुढची साथ यायच्या आत विचारू, की आपत्ती आली तर मानखुर्दचा माणूस खाडी ओलांडणार कसा, याचा आराखडा वॉर्डाकडे आहे का.

मामा : अर्ज मी लिहितो. सही मात्र आधी तुझी.